न जुळलेली सही

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय ६३ आहे. साखर कारखान्यातून लिपिक म्हणून ते निवृत्त झाले. आमच्या घराण्यात पंढरीची वारी आहे आणि वडिलांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, त्यामुळे दारूचा प्रश्नच येत नाही. मधुमेह चौदा वर्षांपासून आणि रक्तदाब आठ वर्षांपासून आहे. गेल्या चार महिन्यांत त्यांच्या पायांना सूज येते, अंगाला खाज सुटते, पोट पुढे आले आहे, पण दंड मात्र बारीक झाले आहेत. दुपारी जेवता जेवता पेंगतात आणि रात्री टक्क जागे असतात. शेजारच्या काकू म्हणाल्या की यकृताचे असेल, काविळीचे उतरवून घ्या. पण त्यांचे डोळे पिवळे नाहीत आणि सोबत जोडलेल्या अहवालात यकृताच्या रक्ततपासणीतला एसजीपीटीही नॉर्मल आहे. मग यकृत ठीक आहे असे समजायचे का? यकृत बिघडल्याची शरीरावर दिसणारी लक्षणे कोणती? आषाढी जवळ आली आहे, त्यांना वारीला पायी पाठवावे का? ता. क. : परवा पैसे काढायला गेले, तर सही जुळत नाही म्हणून बँकेने स्लिप परत केली. वयामुळे हात थरथरत असेल.
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली ओळ तुम्ही ताजा कलम म्हणून लिहिली आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. ज्या माणसाने आयुष्यभर कारखान्याच्या कचेरीत लिहिण्याचे काम केले, त्याची सही चार महिन्यांत एवढी बदलावी की ती बँकेला ओळखू येऊ नये, ही गोष्ट केवळ वयाच्या नावावर टाकून देण्याजोगी नाही. त्यातच दिवसा झोप आणि रात्री जाग, पुढे आलेले पोट आणि बारीक झालेले दंड या गोष्टी एकत्र मांडल्या, की यकृताचा जुना आजार आता मेंदूपर्यंत पोहोचू लागला असावा अशी दाट शंका येते. पत्रावरून निदान करता येत नाही आणि ते करूही नये. पण वडिलांना पोटाच्या विकारांच्या तज्ज्ञाकडे, ते जवळ नसतील तर चांगल्या फिजिशियनकडे, दोन दिवसांच्या आत नेले पाहिजे एवढे मी पत्रावरूनही ठामपणे सांगू शकतो. हे उत्तर वाचेपर्यंत ते आणखी सुस्त झाले असतील किंवा असंबद्ध बोलत असतील, तर दोन दिवसही थांबू नका. मात्र ते मधुमेहाची औषधे घेत असल्यामुळे अशा वेळी आधी घरच्या ग्लुकोमीटरवर साखर तपासा, कारण साखर एकदम उतरली तरी माणूस असाच भ्रमिष्ट होतो आणि त्यावरचा उपाय मिनिटांत करावा लागतो.

आता सहीचा आणि यकृताचा संबंध काय, ते सांगतो. आपल्या आतड्यांत अन्नापासून, विशेषतः प्रथिनांपासून, अमोनिया तयार होत असतो, आणि निरोगी यकृत त्याचे युरियात रूपांतर करून तो लघवीवाटे बाहेर टाकण्याची सोय करते. यकृतात व्रण साचत जाऊन ते निबर झाले, म्हणजेच सिरॉसिस झाला, की हे काम अपुरे पडते. शिवाय आतड्यांकडून येणारे रक्त त्या निबर यकृतातून न जाता आडवाटेने थेट शरीरात मिसळते आणि अमोनियासह इतर द्रव्ये मेंदूपर्यंत पोहोचतात. याचा पहिला परिणाम म्हणजे झोपेचे चक्र उलटे होते. मग अक्षर बिघडते, चिडचिड वाढते, शर्टाची बटणे खालीवर लागतात, नेहमीचा हिशेब चुकतो. घरच्यांना वाटते की निवृत्तीनंतर मन लागत नसेल. आम्ही अशा रुग्णाला कागदावर चांदणी काढायला सांगतो किंवा विखुरलेले १ ते २५ आकडे क्रमाने रेघेने जोडायला देतो, आणि बोलण्यात अगदी व्यवस्थित वाटणारा माणूस त्या चांदणीत अडकून पडतो. घरी करून पाहण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. वडिलांना दोन्ही हात समोर ताठ धरून, गाडी थांबवणाऱ्या पोलिसाप्रमाणे पंजे वर उचलून, बोटे फाकवून अर्धा मिनिट तसेच राहायला सांगा. वयाची थरथर बारीक आणि सलग असते; यकृताच्या आजारात मात्र पंजा मधूनच गळून खाली पडतो आणि पुन्हा सावरतो, जणू बसल्या जागी पक्ष्याने पंख फडकवावेत. असे मूत्रपिंडाच्या आजारातही होऊ शकते, पण ते दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे, यात फरक पडत नाही.

डोळे पिवळे नाहीत म्हणून यकृत ठीक, हा समज आपल्याकडे फार खोल रुजलेला आहे. तांबड्या रक्तपेशी साधारण १२० दिवस जगतात. त्या मोडल्या की बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य तयार होते आणि यकृत ते पित्तावाटे बाहेर काढते. रक्तातले त्याचे प्रमाण १.२ मिलिग्रॅमपर्यंत असणे ठीक मानतात, पण डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर पिवळी छटा दिसायला ते अडीच-तीनच्या घरात जावे लागते. तुमच्या वडिलांचा आकडा १.६ आहे. म्हणजे तो वाढलेला आहे, परंतु डोळ्यांना दिसण्याइतका नाही. यकृताला राखीव ताकद एवढी असते की सिरॉसिस झाल्यानंतरही कित्येक वर्षे कावीळ उमटत नाही. शिवाय यकृताच्या आतल्या भागाला वेदना जाणवत नाहीत, जाणवतात त्या फक्त त्याच्यावरच्या आवरणाला. म्हणून उजव्या बरगडीखाली दुखेल तेव्हा पाहू, असे म्हणून वाट पाहण्यातही अर्थ नसतो.

डोळे पाहायचेच असतील तर ते दिवसाच्या उजेडात, खिडकीशी उभे करून पाहावेत. घरातल्या दिव्याखाली हलका पिवळेपणा कळत नाही. वडिलांना खाली पायांकडे पाहायला सांगून वरची पापणी अलगद उचला, म्हणजे झाकलेला पांढरा भाग दिसेल. तळहात पिवळे पण डोळे स्वच्छ पांढरे असतील, तर तो गाजर किंवा पपई खूप खाल्ल्याचा रंग असू शकतो, कावीळ नव्हे. लघवी दिवसभर पुरेसे पाणी पिऊनही कोऱ्या चहासारखी गडद होत असेल, तर ती काविळीची खूण समजावी. उलट बी कॉम्प्लेक्सच्या गोळीने लघवी हळदीसारखी पिवळीधमक होते आणि तिला काही अर्थ नसतो. संडासचा रंग पांढुरक्या मातीसारखा झाला तर पित्ताची वाट कुठेतरी अडली आहे, म्हणजे खडा किंवा गाठ आहे का हे पाहण्यासाठी सोनोग्राफी लगेच करावी लागते.

काकूंनी सुचवलेल्या ‘उतरवण्या’बद्दलही लिहितो, कारण नको म्हटले की घरात वाद होतो आणि कारण सांगितले तर तो टळतो. चुन्याच्या निवळीत हात धुतले की पाणी पिवळे होते आणि कावीळ उतरली असे सांगतात. हातांना आधी आंब्याच्या अंतर्सालीचा रस चोळलेला असेल, तर चुन्याच्या पाण्यात कोणाच्याही हाताचा पिवळा रंग उतरतो. पाहिजे असल्यास तुमचे निरोगी हात चोळून धुऊन पाहा. काविळीसाठी डोक्यावर घातलेली माळ रोज लांब होत जाऊन गुडघ्यापर्यंत येते, त्याचेही गूढ नाही; वनस्पतीच्या ओल्या काड्या विशिष्ट गाठीने ओवलेल्या असतात आणि त्या वाळून बारीक झाल्या की दोरा सैल पडून माळ वाढते. ती रोगी माणसाच्या डोक्यावर वाढते तशीच खुंटीवरही वाढते. अशा उपायांनी लोक बरे होतात, कारण दूषित पाण्यामुळे होणारी हेपॅटायटिस ए किंवा ई ही कावीळ बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत आपोआपच जाते आणि श्रेय माळेला मिळते. ज्यांची जात नाही, ते माळ गुडघ्यापर्यंत यायची वाट पाहून मग आमच्याकडे येतात, आणि गेलेले दिवस परत मिळत नाहीत. नाकात कडू वनस्पतीचा रस सोडून पिवळे पाणी काढण्याचा प्रकार तर मुळीच करू देऊ नका.

आता तुमच्या अहवालाकडे वळू. एसजीपीटी ३६ आहे आणि त्यासमोर नॉर्मल छापले आहे, हे खरेच. पण एसजीपीटी हे यकृताच्या पेशींमधून गळणारे द्रव्य आहे. पेशींची चालू मोडतोड त्यावरून कळते, यकृतात किती कस उरला आहे ते कळत नाही. आजार जुना झाला, पेशींच्या जागी व्रण आले, की गळायलाही फारसे काही राहत नाही आणि आकडा सरळ दिसू लागतो. तुमच्याच कागदावर दोन ओळी खाली अल्ब्युमिन २.९ लिहिले आहे, जे ३.५ च्या वर असायला हवे आणि जे शरीरात केवळ यकृतच तयार करते. दुसऱ्या पानावर प्लेटलेट ९२ हजार आहेत, किमान दीड लाखाच्या जागी. प्लेटलेट कमी म्हटल्या की आपल्याला डेंगी आठवतो आणि पपईच्या पानांचा रस सुरू होतो. परंतु ताप नसताना त्या सतत कमी असतील, तर यकृतातला दाब वाढून प्लीहा मोठी झाली आहे का आणि ती प्लेटलेट अडवून धरते आहे का, हे पाहायचे असते. वय, एसजीओटी (एसजीपीटीसारखेच पेशींतून गळणारे दुसरे द्रव्य; तुमच्या अहवालात ते ४८ आहे), एसजीपीटी आणि प्लेटलेट या चार आकड्यांवरून फिब-४ नावाचा गुणांक काढता येतो. वयाला एसजीओटीने गुणायचे, आणि त्या गुणाकाराला प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचे वर्गमूळ या संख्येने भागायचे. तुमच्या वडिलांच्या बाबतीत ६३ गुणिले ४८, भागिले ९२ गुणिले ६, म्हणजे साधारण साडेपाच. हा गुणांक १.३ च्या खाली असेल तर चिंता कमी आणि २.६७ च्या वर असेल तर यकृतात बरेच व्रण असण्याची शक्यता मोठी, असे मानतात. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी साखरेच्या तपासणीबरोबर हे गणितही वर्षातून एकदा करून घ्यावे, असे मला कळकळीने वाटते, कारण त्याला वेगळा खर्च जवळजवळ येत नाही.

माळकरी माणसाला यकृताचा आजार कसा होईल, हा प्रश्न तुमच्या पत्रात सरळ लिहिलेला नसला तरी आहेच. दारू हे एक कारण झाले. मधुमेह, पोटावरची चरबी आणि रक्तातली वाढलेली चरबी यांमुळेही यकृतात चरबी साचते आणि काहींच्या बाबतीत तिचा पुढे सिरॉसिस होतो. तुमच्या घरात जुन्या सोनोग्राफीचा कागद असेल तर तो काढून पाहा. त्यावर ‘फॅटी लिव्हर, ग्रेड टू’ असे लिहिलेले आणि कोणी दखल न घेतलेले सापडले तर मला आश्चर्य वाटणार नाही. तरीही कारण हेच असे गृहीत न धरता हेपॅटायटिस बी आणि सी या दोन्ही विषाणूंची तपासणी झालीच पाहिजे, कारण ते रक्तातून, जुन्या सुया-इंजेक्शनांतून पसरतात, माळकऱ्यालाही होतात, आणि त्यांच्यावर औषध आहे. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली ही तपासणी आणि उपचार सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळतात. वडील कोविडपासून रोज गुळवेलीचा काढा घेत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ साली गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली होती आणि आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष अमान्य केला होता. तो वाद काहीही असो, आजारी यकृतावर कोणताही काढा अजमावू नये असे माझे मत आहे.

उरलेल्या लक्षणांपैकी सूज आणि पोट यांना मी अधिक वजन देतो, खाजेला कमी. घोट्याच्या वर, नडगीच्या हाडावर अंगठा दहा सेकंद दाबून ठेवा. अंगठा काढल्यावर खळगा राहिला तर ते पाणी आहे. रक्तदाबाच्या अॅम्लोडिपिन या गोळीनेही पाय सुजतात, हृदय आणि मूत्रपिंड यांच्या आजारांतही सुजतात. पण गोळीने पोटात पाणी होत नाही. खाऊन सुटलेले पोट आणि पाण्याने वाढलेले पोट यांतला फरक घरच्या माणसाला नीट पाहिल्यास कळतो. पाण्याच्या पोटात आडवे झाल्यावर कुशी फुगतात, बेंबी बाहेर येऊ लागते, पायजम्याची नाडी दर पंधरवड्याला सैल करावी लागते, आणि त्याच वेळी दंड, मांड्या, कानशिले झिजत जातात. वजनकाटा फसवतो, कारण मांस घटते तेवढेच पाणी भरते. वडील बंडी काढतात तेव्हा छाती आणि खांदे पाहा. मध्ये लाल ठिपका आणि त्यातून कोळ्याच्या पायांसारख्या निघालेल्या बारीक रेषा दिसल्या, आणि मधला ठिपका दाबला की सारे फिके होऊन सोडल्यावर पुन्हा भरले, तर तशी तीन-चार चिन्हे असणे ही यकृताची खूण असते. तळहातांची कड लालभडक होणे, पुरुषाची छाती वाढून बंडीचे कापड लागले तरी दुखणे हीदेखील तशीच चिन्हे आहेत. दुसरी गोष्ट पुरुष आपणहून सांगत नाहीत, विचारावी लागते. खाजेला मात्र मधुमेहातली कोरडी त्वचा हेही कारण असू शकते. पुरळ नसताना तळहात-तळपायांना रात्री वाढणारी खाज असेल तर ती पित्त अडल्याची असण्याचा संभव अधिक.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही, तरी विचारून ठेवतो. अलीकडे त्यांचा रक्तदाब आणि साखर औषध कमी करूनही ‘छान आटोक्यात’ राहू लागली आहे का? अनेक घरांत याचा आनंद मानला जातो. सिरॉसिस वाढत गेला की रक्तदाब आपोआप उतरतो, आणि यकृतात साखरेचा साठा उरत नसल्याने साखरही खाली येऊ शकते. गोळ्या स्वतःहून बंद करू नका, पण घरच्या नोंदींची वही डॉक्टरांसमोर ठेवा.

भेट होईपर्यंत काही गोष्टी टाळायच्याच आहेत. रात्री झोप लागत नाही म्हणून दुकानातून आणलेली झोपेची गोळी देऊ नका. अशा अवस्थेत ती माणसाला बेशुद्धीपर्यंत नेऊ शकते. गुडघ्यांसाठी डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन बंद ठेवा, सूज उतरवणारी लघवीची गोळी कोणाच्या सांगण्यावरून सुरू करू नका. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कारण साचलेल्या मळातून अमोनिया अधिक शोषला जातो. डॉक्टर बहुधा लॅक्ट्युलोजचे पातळ औषध देतील आणि दिवसातून दोन-तीनदा मऊ शौचाला होईल असे त्याचे प्रमाण ठरवतील. लोणचे, पापड, सांडगे आणि वरून घेतलेले मीठ थांबवा. डाळ, मूग, पिठले मात्र थांबवू नका. काविळीचे पथ्य म्हणून नुसता उसाचा रस आणि भाताची पेज देणे या आजारात, तेही मधुमेहाच्या माणसाला, दुहेरी घातक आहे. आणि एकादशीचा उपास सोडावा लागेल. अशा यकृताला रात्रभराची उपासमारही सोसत नाही आणि ते स्नायू झिजवून गरज भागवते, म्हणून झोपण्यापूर्वीही भाकरीचा तुकडा आणि वाटीभर डाळ असे काही पोटात जावे लागते. हे तुमच्याकडून ते ऐकणार नाहीत. फडावरच्या वडीलधाऱ्या महाराजांकडून सांगवा. माझ्या रुग्णांच्या बाबतीत तो मार्ग मला औषधाच्या चिठ्ठीपेक्षा अधिक उपयोगी पडलेला आहे.

रक्ताची उलटी, डांबरासारखे काळे, चिकट आणि उग्र वासाचे शौच, पोटदुखीसह ताप, लघवी अगदी कमी होणे किंवा हाक मारूनही नीट जाग न येणे यांपैकी काहीही झाले तर १०८ ला फोन करा आणि ज्या रुग्णालयात दुर्बिणीने आतून तपासण्याची (एंडोस्कोपीची) सोय आहे तिथेच न्या. लोहाच्या गोळीनेही शौच काळे होते, पण ते चिकट नसते. खर्चाची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, दाखल करतानाच त्याच्याशी बोला.

वारीचे उत्तर राहिले. या वर्षी पायी नाही. यकृतातल्या दाबामुळे अन्ननलिकेत फुगलेल्या, फुटू शकणाऱ्या शिरा आहेत का हे दुर्बिणीतून पाहिल्याशिवाय आणि भ्रम उतरल्याशिवाय अडीचशे किलोमीटर चालणे मला मान्य नाही. वाटेवरच्या पाण्याचाही प्रश्न आहे. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची मोठी साथ आली होती; धडधाकट माणूस अशी कावीळ बहुधा निभावून नेतो, पण सिरॉसिस असलेल्याच्या जिवावर बेतू शकते. मात्र तुम्ही सातारा जिल्ह्यातल्या आहात, तेव्हा पालखी तुमच्याच जिल्ह्यातून जाते. तोवर उपचार सुरू होऊन डॉक्टरांनी परवानगी दिली, तर लोणंदच्या पुढे चांदोबाच्या लिंबाला उभे रिंगण असते त्या दिवशी त्यांना गाडीने न्या, सावलीत खुर्ची द्या, उकळून गार केलेले पाणी आणि डबा घरून घ्या, आणि संध्याकाळी परत आणा. आणि तज्ज्ञांकडे जाताना बँकेने परत केलेली ती स्लिप आणि चार-सहा महिन्यांपूर्वीचा, त्यांची नीट सही असलेला एखादा कागद, असे दोन्ही सोबत न्या. शेजारी शेजारी ठेवून दाखवा.